उकिरड्यापासून ओसरीपर्यंत

भुऱ्याला घरी आणलं त्या दिवशी मी सगळ्यात आधी त्याला अंघोळ घातली. आठ-नऊ महिन्यांचं गावठी कुत्रं, मातकट रंगाचं, मागचा एक पाय उचलून चालणारं, कानांत गोचिडांचे घड. रामनवमीच्या गर्दीत ते एखाद्या दुचाकीखाली आलं असावं. जांब समर्थ हे समर्थ रामदासांचं जन्मगाव, त्यामुळे रामनवमीला इथे माणसांचा पूर लोटतो. उत्सव संपला, खेळण्यांची नि शेव-रेवडीची दुकानं उठली, आणि हे देवळाच्या वाटेवर एका मोडक्या फळीखाली पडून राहिलं. चार दिवस भाकर नेऊन टाकली. पाचव्या दिवशी गोणपाटात गुंडाळून उचललं. अंगाला भयंकर वास येत होता, म्हणून थेट हौदावर नेलं, दोन बादल्या पाणी ओतलं आणि कपड्याच्या साबणाने घासून काढलं. भुऱ्या भुंकला नाही, चावला नाही. थरथरत उभा राहिला. सुटका झाल्याबरोबर धान्याच्या कोठीमागे शिरला, तो दीड दिवस बाहेर आला नाही.

मला वाटलं, किती गरीब कुत्रं मिळालं!

ते गरीब नव्हतं, भीतीने गोठलं होतं. हा फरक कळायला मला पुढचे तीन महिने लागले. मी जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवलं. पहिलीच्या पोराला पहिल्या दिवशी कुणी पाढे विचारत नाही, त्याला आधी वर्गाची, घंटेची, बाजूला बसलेल्या पोराची सवय होऊ देतात, हे मला पक्कं ठाऊक. पण घरात कुत्रं आलं आणि एवढी साधी गोष्ट मी विसरलो. त्या अंघोळीतून भुऱ्या आमच्या घराविषयीचा पहिला धडा शिकला होता : या घरात बादली आहे, आणि बादलीवाला म्हातारा धरून ठेवतो.

रस्त्यावरून उचललेल्या कुत्र्याबद्दल मला एकच गोष्ट सांगायची आहे. आपण शिकवायला बसतो तेव्हाच ते शिकतं असं नाही, ते सदासर्वदा शिकत असतं. आपण दार कसं आपटतो, भाकर कोण टाकतं, लेकरू ओरडत आलं की पुढे काय होतं, या सगळ्याची त्याच्या डोक्यात नोंद होते. म्हणून नव्या कुत्र्याच्या बाबतीत पहिल्या दिवसांत काय करावं यापेक्षा काय करू नये याचीच यादी लांब निघते.

अंघोळ घालू नये, हे झालंच. कुत्रं घाण असेल तर ओल्या फडक्याने पुसावं, आठवड्याने बघू. गोचीड मात्र थांबू शकत नाहीत, त्यांच्याबद्दल पुढे सांगतो. दुसरं, शेजाऱ्यापाजाऱ्यांना बघायला बोलावू नये. आमच्याकडे पहिल्याच संध्याकाळी गल्लीतली पंधरा माणसं आली. कुणी कोठीमागे वाकून "यू यू यू" करतंय, कुणी काठीने ढोसून बाहेर काढायला बघतंय. आपल्याकडे नव्या सुनेला बघायला येतात तशी ती तऱ्हा. सून निदान पदराआड तोंड लपवू शकते.

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात मायकेल हेनेसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली एका सरकारी श्वानगृहातल्या कुत्र्यांचं रक्त तपासलं. शरीरावर ताण आला की कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक वाढतं. नव्याने आलेल्या कुत्र्यांत पहिले तीन दिवस ते बरंच चढलेलं होतं, पुढच्या दिवसांत हळूहळू उतरत गेलं. कुत्री सांभाळणारे लोक जगभर एक ढोबळ हिशेब सांगतात : तीन दिवस भेदरण्याचे, तीन आठवडे घराचा क्रम समजण्याचे, तीन महिने हे घर आपलं वाटण्याचे. हा काही प्रयोगशाळेतून निघालेला नियम नाही. कुणाला पंधरवडा पुरतो, कुणाला वर्ष लागतं. तरी सुरुवातीची घाई आवरायला हा हिशेब चांगला. भुऱ्याच्या बाबतीत तो बऱ्यापैकी जुळला.

त्याला कोठीमागची जागा आवडली होती, तर ती त्याचीच करून टाकली. तिथे जुनं पोतं टाकलं, पाण्याचं घमेलं ठेवलं आणि घरात ताकीद दिली की कोठीमागे हात घालायचा नाही. कुत्र्याला तीन बाजूंनी आडोसा असलेला कोपरा लागतो. पाठ भिंतीला लागली की त्याला एकाच दिशेवर नजर ठेवावी लागते. अंगणाच्या मधोमध खुंटा ठोकून साखळीने बांधलेल्या कुत्र्याला चारही दिशांनी पहारा करावा लागतो आणि पळताही येत नाही. असली कुत्री महिना-दोन महिन्यांत चिडकी होतात. मग लोक म्हणतात, गावठी जातच वाईट.

जातीचं निघालं म्हणून सांगतो. गावठी कुत्र्याला कमी लेखायची आपली खोड जुनी आहे. लातूरकडच्या कारवानी-पश्मीला लोक मान देतात, शहरातले नातेवाईक लॅब्राडोर दाखवतात, पण उकिरड्यावरचं कुत्रं म्हणजे कुणाचंच नाही. ते कुत्रं काय काय पार करून आपल्यापर्यंत पोचलेलं असतं, याचा हिशेब कोलकात्याच्या आयसर संस्थेतल्या अनिंदिता भद्रा आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी मांडला आहे. त्यांनी ९५ वेतांतल्या ३६४ रस्त्यावरच्या पिल्लांवर नजर ठेवली. वयात येईपर्यंत जगली ती फक्त १९ टक्के. मेलेल्यांपैकी ६३ टक्के पिल्लांच्या मरणात कुठे ना कुठे माणसाचा हात होता : गाडी, विष, मार, किंवा आईपासून उचलून नेणं. आमच्या गोदेपलीकडे माजलगाव तालुक्यातल्या लवूळ गावात २०२१ साली वानरं कुत्र्यांची पिल्लं उचलून झाडावर, छपरावर नेत होती. ती बातमी देशभर गाजली. वानरांची बातमी झाली, गाडीखाली गेलेल्या पिल्लाची कुणी करत नाही.

तेव्हा आठ महिने जगलेलं गावठी कुत्रं हे पाचांतलं एक आहे. ते मूर्ख असूच शकत नाही. याच गटाने २०२० साली रस्त्यावरच्या मोठ्या कुत्र्यांपुढे झाकलेली भांडी ठेवून त्यांतल्या एकाकडे बोट दाखवून पाहिलं. जवळपास निम्मी कुत्री भांड्याजवळ आलीच नाहीत. ती बिचकलेली होती. जी आली त्यांतल्या सुमारे ८० टक्क्यांनी कुणी न शिकवता बोटाचा अर्थ बरोबर लावला. म्हणजे अडचण अकलेची नाही, भीतीची आहे. भीती उतरली की शिकणं आपोआप सुरू होतं. मला वाटतं, हे शाळेतल्या पोरांनाही तितकंच लागू आहे, पण तो विषय वेगळा.

याच संस्थेचा २०१७चा आणखी एक प्रयोग मला फार आवडतो. अनोळखी माणसाने काही कुत्र्यांना पुन्हा पुन्हा खायला दिलं आणि काहींच्या डोक्यावरून हात फिरवला. काही दिवसांनी बघितलं तर हात फिरवलेल्या कुत्र्यांचा त्या माणसावर जास्त विश्वास बसला होता. भाकर काय, कुणीही फेकतं. मायेने हात लावणारा विरळा. पण हात लावायचा कधी, ते कुत्र्याला ठरवू द्यावं. मी ओसरीत कोठीकडे पाठ करून बसायचो, पेपर वाचायचो, त्याच्याकडे बघायचंही नाही. सहाव्या दिवशी पाठीला ओलं नाक लागलं. मी हललो नाही. मग मूठ खाली सोडली, त्याने हुंगली. आधी हनुवटीखाली, छातीवर खाजवावं. डोक्यावरून येणारा हात त्याने आजवर दगड मारतानाच पाहिलेला असतो. रस्त्यात आपण नुसतं खाली वाकलो तरी कुत्री का पळतात, ते यावरून समजावं.

खाण्याचं म्हणाल तर शहरातल्या लोकांना भाकरीची लाज वाटते, ती वाटू नये. स्वीडनमधल्या संशोधकांनी २०१३ साली 'नेचर'मध्ये दाखवून दिलं की पिष्टमय पदार्थ पचवणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात, कुत्र्यात चारापासून तीसपर्यंत सापडतात. माणसाच्या उकिरड्यावर हजारो वर्षं जगता जगता कुत्र्याचं पोटच बदललं. ज्वारीची भाकर, भात, वरण त्याला पचतं. पण नुसत्या भाकरीवर अंग धरत नाही. उकडलेलं अंडं, मटणवाल्याकडची छाट, शिजवलेली मासळी असं काही त्यात हवं. कालवणात कुस्करलेली भाकर मात्र नको, कारण कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. चॉकलेट, द्राक्षं, बेदाणे हे सगळं विषासारखं. शिजवलेली हाडं फुटून आतड्यात रुततात. आणि कुत्रं लंगडतंय म्हणून घरातली तापाची किंवा अंगदुखीची गोळी देऊ नये. माणसाची वेदनाशामक औषधं त्याच्या यकृताला, मूत्रपिंडाला, जठराला भारी पडतात.

पहिले दोन दिवस भुऱ्या कुणी बघत असताना खात नव्हता. रात्री खायचा. आठवड्याने उघड्यावर खाऊ लागला, आणि तेव्हा नवीच भानगड सुरू झाली. जेवताना नात जवळून गेली की गुरगुर. सुनेने सांगितलं, "बाबा, हे लेकराला चावेल, सोडून या." माझाही हात काठीकडे गेला होता. पण त्याच्या बाजूने विचार करा. उकिरड्यावर ताटाशी येणारा प्रत्येक जण चोर असतो. तिथे जो गुरगुरला नाही तो उपाशी राहिला. त्याला नवी गोष्ट शिकवायची होती ती ही की इथे जवळ येणारं माणूस घेऊन जात नाही, आणून टाकतं. मी पाच हातांवरून अंड्याचा तुकडा टाकायचो आणि निघून जायचो. मग चार हातांवरून, मग तीन. पंधरा दिवसांत माझी चाहूल लागली की तो ताटातून मान वर काढून शेपूट हलवू लागला. नातीला मात्र त्याच्या जेवणाच्या वेळी आम्ही लांबच ठेवलं. आजही ठेवतो.

गुरगुरण्याबद्दल लोकांचा समज अगदी उलटा आहे. गुरगुरणारं कुत्रं चावण्याआधी सांगतंय, म्हणजे ते अजून बोलतंय. मारून मारून त्याचं गुरगुरणं बंद केलं की पुढे ते न सांगता चावतं. मग आपण म्हणतो, एकाएकी चावलं. एकाएकी फार क्वचित चावतं. गुरगुरण्याच्याही आधी ते तोंड वळवतं, झोप आलेली नसताना जांभई देतं, समोर खाणं नसताना ओठ चाटतं, डोळ्यांचं पांढरं दाखवतं, आणि शेवटी सगळं अंग एकदम ताठ करून थांबतं. हौदावर भुऱ्याने यातलं बहुतेक सगळं मला सांगून झालं होतं. मी साबण लावत होतो.

लेकरांना हे मुद्दाम शिकवायला हवं. रेबीजचा संशय असलेलं जनावर जगात ज्यांना चावतं त्यांपैकी सुमारे ४० टक्के पंधरा वर्षांखालची मुलं असतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मी शाळेत पोरांना एक खेळ शिकवायचो, त्याचं नाव 'झाड'. कुत्रं अंगावर आलं की पळायचं नाही, ओरडायचं नाही, हात अंगाशी घेऊन नजर जमिनीकडे लावून झाडासारखं उभं राहायचं. झोपलेल्या, खाणाऱ्या नि पिल्लं पाजणाऱ्या कुत्र्याला हात लावायचा नाही. नातीला हे कळतं. पाहुण्यांच्या पोरांना सांगावं लागतं, आणि पाहुण्यांना राग येतो.

गावात आणखी एक सल्ला हटकून मिळतो : "गुरुजी, धाक ठेवा. नाहीतर डोक्यावर बसेल." ही धाकाची कल्पना शहरात शास्त्र म्हणून विकली जाते. कुत्रा म्हणजे लांडगा, लांडग्यांच्या कळपात एक म्होरक्या असतो, तेव्हा घरातला म्होरक्या तुम्ही व्हा, गरज पडली तर त्याला उताणं पाडून दाबून धरा. या कल्पनेचं मूळ रुडॉल्फ शेंकेल यांच्या १९४७च्या अभ्यासात आहे. त्यांनी बघितलेले लांडगे प्राणिसंग्रहालयात कोंडलेले, एकमेकांना अनोळखी. डेव्हिड मीच या अमेरिकी संशोधकांनी १९७०च्या आपल्या गाजलेल्या पुस्तकात ती कल्पना पुढे नेली. पुढे रानातले लांडगे वर्षानुवर्षं पाहिल्यावर १९९९ साली त्यांनीच लिहिलं की रानातला कळप म्हणजे आई, बाप आणि त्यांची पोरं, तिथे गादीसाठी मारामाऱ्या चालत नाहीत. अनोळखी माणसं एका कोठडीत कोंडून त्यांच्यावरून संसाराचे नियम काढावेत, तसा तो प्रकार होता. मीच यांनी आपली चूक जाहीरपणे दुरुस्त केली. धाकाचा धंदा करणाऱ्यांपर्यंत ती दुरुस्ती अजून पोचायची आहे.

माराने कुत्रं शिकत नाही असं नाही. शिकतं, पण आपल्याला शिकवायचं असतं त्याहून वेगळंच. घरात मुतलं म्हणून नाक घासलं तर 'घरात मुतू नये' हे त्याला कळत नाही, 'या माणसासमोर मुतू नये' हे कळतं. मग ते बाहेर फिरवतानाही मुतत नाही आणि घरी येऊन पलंगाखाली उरकतं. त्यापेक्षा झोपेतून उठलं की, खाणं झालं की, खेळून झालं की त्याला एका ठरलेल्या जागी न्यावं आणि तिथे विधी झाला की लगेच काहीतरी द्यावं. लहान पिल्लू असेल तर दर दोन तासांनी न्यावं. घरात झालं तर गुपचूप पुसून जागा नीट धुऊन काढावी. वास राहिला की ती जागा पुन्हा वापरली जाते.

'लगेच' या शब्दावर सगळा खेळ आहे. पावलोव यांच्या प्रयोगातल्या कुत्र्यांना खाण्याआधीच्या खुणेनेच लाळ सुटू लागली, हे आपण पुस्तकात वाचलेलं असतं. तोच नियम ओसरीत चालतो. गोष्ट घडली आणि दोनेक सेकंदांत बक्षीस मिळालं तर त्याच्या डोक्यात गाठ बसते. दहा सेकंदांनी दिलेली भाकर ही नुसती भाकर. मी खिशात भाजलेल्या शेंगदाण्याएवढे उकडलेल्या अंड्याचे तुकडे ठेवायचो. 'भुऱ्या' म्हटलं, त्याने मान वळवली, तुकडा. असं दिवसातून दहा-बारा वेळा, एका वेळी दोन मिनिटांच्या वर नाही. चार दिवसांत त्याला नाव कळलं. मग 'ये'. 'ये' म्हणून बोलावल्यावर कधीही रागवायचं नाही, बांधायचं नाही, औषध पाजायचं नाही. औषध पाजायचं तर आपण उठून त्याच्याकडे जावं. 'ये' हा शब्द एकदा नासला की परत कामाला येत नाही. आमच्या घरात तो सगळ्यांना एकच हवा, यासाठी मला फार भांडावं लागलं. बायको 'इकडं ये रे राजा' म्हणायची, नात 'कम' म्हणायची आणि मुलगा शिट्टी वाजवायचा.

पट्ट्याची त्याला सवय नव्हती. रस्त्यावरच्या कुत्र्याच्या गळ्यात दोर पडतो तो फाशाचाच, एवढं त्याने पाहिलेलं असतं. आधी नुसता पट्टा जेवताना घालायचा आणि जेवण झालं की काढायचा. मग पट्ट्याला हातभर सुतळी लावून ती लोळू द्यायची. आठवड्याने आपण तिचं टोक धरायचं. फिरायला न्यायचं ते पहाटे, गल्लीतली बाकीची कुत्री सुस्त असताना. त्याला एकटं राहणंही असंच शिकवावं लागतं : दार ओढून घेऊन दोन मिनिटं, मग पाच, मग पाऊण तास. पहिल्याच दिवशी घर बंद करून सगळे लग्नाला गेलात तर परत आल्यावर दाराची चौकट कुरतडलेली दिसेल. तो सूड नसतो, घाबरगुंडी असते.

आणि पळून जाणं. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत अशी कुत्री फार पळतात. 'सावधान' हा शब्द आमच्या गावाला नवा नाही. तो कानी पडताच बारा वर्षांचा नारायण, म्हणजे पुढचे समर्थ रामदास, बोहल्यावरून निघून गेला, अशी कथा आहे. भुऱ्या कसलाच शब्द कानी न पडता गेला. मृगाचा पहिला पाऊस होता, वीज कडाडली, फाटक उघडं होतं. रात्रभर मोसंबीच्या बागांमधून बॅटऱ्या फिरवल्या. पळालेल्या कुत्र्यामागे धावू नये, हाका मारत गोंगाट करू नये, त्याने ते आणखी लांब जातं. त्याचं वापरलेलं पोतं फाटकाबाहेर टाकावं, ओळखीचं खाणं ठेवावं आणि एकाच माणसाने शांत बसावं. पहाटे चिखलाने भरलेला भुऱ्या पोत्यावर येऊन बसला. त्याला आम्ही शोधलं नाही, तोच आला. तो घरी आल्याला तेव्हा दोन महिने झाले होते, आणि माझ्या मते तो आमचा झाला ती तारीख हीच.

आता दवाखाना. इथे मात्र सवय होण्याची वाट बघत बसू नये. पहिल्या आठवड्यातच पशुवैद्यकाला दाखवावं. रेबीजची लस पिल्लाला तीन महिन्यांच्या वयात देतात, मोठ्याचा पूर्वेतिहास माहीत नसेल तर आल्याबरोबर, आणि पुढे डॉक्टर सांगतील तशी दरवर्षी. पार्वो, डिस्टेंपर यांची लस वेगळी. जंताचं औषध. गोचिडांमुळे एर्लिशिया, बॅबेसिया असे ताप येतात, कुत्रं खायचं सोडतं, हिरड्या पांढऱ्या पडतात. पण ढोरांच्या गोचिडांवरचं औषध घरात आहे म्हणून अंदाजाने कुत्र्याच्या अंगावर ओतू नका. ते अंग चाटतं आणि विष पोटात जातं. आमच्या कापसाच्या पट्ट्यात फवारणीचे डबे, उंदराचं औषध, रानडुकरांसाठी टाकलेली आमिषं यांनी कुत्री मरतात. डबा कुठे ठेवता ते बघा. ताप बघायला नाकाला हात लावून चालत नाही, थर्मामीटर लागतो. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट, म्हणजे आपल्या हाताला ते कायमच तापलेलं लागणार. गावोगाव फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा १९६२ हा फोन क्रमांक आहे, पण ते पथक मुख्यतः गाई-म्हशींसाठी. कुत्र्याच्या नसबंदीसाठी किंवा मोडलेल्या हाडासाठी जालना, छत्रपती संभाजीनगर किंवा परभणीचं पशुवैद्यक महाविद्यालय गाठावं लागतं. भुऱ्याची नसबंदी केली. रस्त्यावरच्या पिल्लांची ती १९ टक्क्यांची गोष्ट वाचल्यावर तो निर्णय अवघड नव्हता.

चावा किंवा ओरखडा कुणालाही झाला, अगदी घरच्या कुत्र्याचा झाला, तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची. पंधरा म्हणजे घड्याळ लावून पंधरा. हळद, चुना, मिरची काही भरायचं नाही. मग त्याच दिवशी सरकारी दवाखाना. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस वाचत नाही, आणि वेळेवर लस घेतली तर सहसा तिथवर जात नाही. भगताकडे जाण्यात वेळ घालवलेली माणसं मी पाहिली आहेत. त्याबद्दल इथे लिहवत नाही.

गावात कुत्र्याचं आणि आपलं नातं विचित्रच आहे. दत्ताच्या पायाशी चार कुत्री, खंडोबापाशी कुत्रं, भाकर पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावलेल्या नामदेवांची कथा पोरापोराला ठाऊक. आणि तेच कुत्रं ओसरी चढलं की विटाळ. आमच्या शेजारच्या आजींनी महिनाभर माझ्या घरचं पाणी घेतलं नाही. सरकारी पातळीवर म्हणाल तर २०२३च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनुसार रस्त्यावरची कुत्री पकडून, नसबंदी आणि लसीकरण करून होती तिथेच सोडायची असतात. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ला दिल्लीबाबत दिलेल्या आदेशातही हीच पद्धत कायम ठेवली, फक्त रेबीज झालेली आणि अंगावर येणारी कुत्री वगळली. दत्तक घेण्याची मुभा ठेवली आणि एक अटही घातली : घेतलेलं कुत्रं परत रस्त्यावर येता कामा नये. ही अट मला फार योग्य वाटते. हौसेने पिल्लू नेऊन पावसाळ्यात सोडून देणारे मी आमच्याच पंचक्रोशीत पाहिले आहेत. ऊसतोडीला जाणारं कुटुंब कुत्रं मागे ठेवतं, त्यात निदान नाइलाज असतो.

भुऱ्याला बघून मुंबईचा भाचा म्हणाला होता, "मामा, पाळायचं तर चांगलं घ्यायचं ना." त्याला मी रतन टाटांच्या 'गोवा'ची गोष्ट सांगितली. ते पिल्लू गोव्यात टाटांच्या एका सहकाऱ्याच्या गाडीत आपणहून चढलं आणि थेट टाटांच्या मुख्यालयात, बॉम्बे हाउसला पोचलं, म्हणून त्याचं नाव गोवा. ऑक्टोबर २०२४मध्ये टाटांच्या अंत्यदर्शनाला त्याला आणलं होतं. पेटीजवळ बसलेल्या त्या कुत्र्याकडे बघितलं तर अगदी आपल्या एसटी स्टँडवरचं वाटतं. भाचा गप्प बसला. दिवाळीला आला तेव्हा फटाक्यांना भ्यालेला भुऱ्या त्याच्याच अंथरुणात शिरला, तेव्हाही गप्पच बसला.

आता रामनवमीला वर्ष होईल. लंगडणं थोडं राहिलं आहे, पण रोह्यांमागे शेताच्या धुऱ्यापर्यंत पळतो. नाव कळतं, 'ये' कळतं, ताटापाशी गुरगुरत नाही. शेजारच्या आजी ओसरीत येऊन बसतात आणि त्याला 'मेल्या' म्हणून भाकर टाकतात. अंघोळ मात्र आजही घालता येत नाही. ओल्या फडक्याने पुसून घेतो तेवढंच. मी हौदावर बादली उचलली की भुऱ्या कोठीमागे.